‘दऱ्या’ शोधली, सापडली नाही

महोदय,

देवगड-मालवण परिसरात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे प्रकल्प तपासण्यासाठी बाह्य परीक्षक म्हणून माझे जाणे होते. त्यांतील बरेचसे प्रकल्प आदल्या तुकडीचेच असतात, फक्त मुखपृष्ठ बदललेले, आणि तोंडी परीक्षा संपली की ते पुन्हा कोणी उघडत नाही. त्याऐवजी एखाद्या मुक्त-स्रोत, म्हणजे ज्याचा कोड कोणीही पाहू आणि सुधारू शकतो अशा, सॉफ्टवेअरमधील खरी चूक दुरुस्त करणे हा प्रकल्प म्हणून ग्राह्य धरावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आमच्या गावच्या वाचनालयाची ग्रंथसूची अशाच एका मुक्त-स्रोत प्रणालीवर चालते. ग्रंथपाल बाईंनी ‘दऱ्या’ हा शब्द शोधला, तेव्हा समोरच्या कपाटात असलेले पुस्तक संगणकाला सापडले नाही. कारण असे की, आपला हा अर्धा ‘ऱ’ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरे साठवण्याच्या सर्वमान्य पद्धतीत, एकाहून अधिक प्रकारे साठवता येतो: ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने, ‘र’खाली नुक्ता (टिंब) देऊन, किंवा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह देऊन. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे वाटतात. आणि ते जोडचिन्ह गळाले की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत राहणाऱ्यांना हा फरक समजावून सांगायला नको.

आमच्याकडील एका विद्यार्थिनीने आधी ही चूक नेमकी केव्हा घडते ते टप्प्याटप्प्याने लिहून ती प्रणाली सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांना कळवले आणि मग दुरुस्ती पाठवली. पहिली दुरुस्ती परत आली, कारण तिने सगळीच जोडचिन्हे काढून टाकली होती आणि सिंहलीसारख्या लिपीत त्यांवाचून जोडाक्षरे मोडतात. दुसऱ्या खेपेस तिने केवळ ‘र’ची जोडणी हाताळली, सोबत चाचण्या लिहिल्या, आणि ते जेमतेम डझनभर ओळींचे काम स्वीकारले गेले. परक्या माणसाने लिहिलेला कोड वाचणे, आपले म्हणणे पुराव्यानिशी मांडणे, चूक दाखवली तर ती मानणे, हे सारे तिला एका प्रकल्पात करावे लागले, आणि बाईंना पुस्तक सापडू लागले.

मात्र केवळ दुरुस्त्यांची संख्या मोजू नये. मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरमध्ये ठरावीक संख्येने बदल पाठवणाऱ्यांना टी-शर्ट देणाऱ्या ‘हॅक्टोबरफेस्ट’ या उपक्रमात 2020 साली त्या टी-शर्टसाठी निरर्थक बदलांचा इतका पाऊस पडला की, स्वतःहून सहभागी होणाऱ्या सॉफ्टवेअर-प्रकल्पांपुरताच तो मर्यादित करावा लागला. स्वयंसेवकांचा वेळ असा खाल्ला जाणार असेल, तर योगदान न दिलेलेच बरे.

दुरुस्ती केव्हा स्वीकारली जाईल हे परीक्षेच्या वेळापत्रकावर ठरत नाही. म्हणून गुण देताना ती स्वीकारली गेली की नाही एवढेच न पाहता चुकीची नोंद, चाचण्या आणि दुरुस्ती तपासणाऱ्या स्वयंसेवकांशी झालेला पत्रव्यवहार पाहावा, आणि विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने येत्या वर्षाच्या नियमांत तशी तरतूद करावी.

— एक वाचक, देवगड (जि. सिंधुदुर्ग)