चोरीचा खोटा आळ आल्यास

महोदय,

दुकानाच्या दारात गजर वाजला म्हणजे चोरी झाली असे नव्हे. अनेकदा काउंटरवर वस्तूला लावलेला, गजर वाजवणारा टॅग काढायचाच राहिलेला असतो. अशा वेळी झटापट न करता पावती दाखवावी आणि बोलणे चारचौघांतच व्हावे, असा आग्रह धरावा. ‘सही करा, पैसे भरा, विषय संपवू’ ही सूचना सर्वांत घातक, कारण तीच सही पुढे कबुलीजबाब म्हणून दाखवली जाते. त्यापेक्षा पोलिसांना बोलवायला सांगावे. सीसीटीव्हीच्या जुन्या चित्रणावर काही दिवसांत नवे चित्रण चढते. म्हणून तारीख, वेळ, काउंटर क्रमांक देऊन ते जपून ठेवण्याची लेखी मागणी त्याच दिवशी करावी, पोच घ्यावी. थर्मल, म्हणजे शाईऐवजी उष्णतेने छापलेली पावती पुसट होते. तिचा लगेच फोटो काढावा.

– एक वाचक