मारबत गेली, तू आला नाहीस

नागपूर,
8 सप्टेंबर 2025

प्रिय बंड्या,

यंदाही तान्ह्या पोळ्याला तुझा पत्ता नाही. नेहरू पुतळ्यापाशी काळ्या-पिवळ्या मारबतींच्या प्रतिमांची गाठ पडली, बडग्यांचे पुतळे निघाले, ‘ईडा पीडा घेऊन जाय गे मारबत’ ओरडून माझा घसा बसला. ‘बातम्या लिही’ म्हणतोस. बातम्या तुझ्याही मोबाइलवर येतात बे, म्हणून डोक्यातून जात नाहीत तेवढ्याच लिहितो.

पहिली राखीच्या दिवसाची. देवलापारच्या बाजूला, जबलपूर रोडवर, एका जोडप्याच्या मोटारसायकलला ट्रकनं उडवलं. बायको जागीच गेली. नवरा हात करत राहिला, कुणी थांबलं नाही. शेवटी त्यानं तिला गाडीमागे बांधलं आणि निघाला. तो व्हिडिओ तू पाहिला असशीलच. पुढचं कदाचित वाचलं नसशील. ट्रकचा नंबर त्याला आठवत नव्हता, फक्त अंगावर काहीतरी लाल होतं एवढंच. पोलिसांनी टोलनाक्यांचं फुटेज ‘मार्व्हल’कडे दिलं. राज्य पोलिसांची ही एआय यंत्रणा, आपल्या नागपुरातलीच. तिनं आधी लाल खुणांचे ट्रक वेगळे काढले, मग त्यांचा वेग ताडून नेमका कुठला असेल ते शोधलं. 36 तासांत ट्रक सापडला, तोही इथून सातशे किलोमीटरवर, ग्वाल्हेर-कानपूर रस्त्यावर.

वाचून आधी छाती फुगली. मग मागच्या वर्षीचं आठवलं. त्याच रस्त्यावर, मनसरच्या अलीकडे एक मोटारसायकल आडवी पडलेली, बाजूला कुणीतरी बसलेलं. मी ब्रेकवर पाय ठेवला आणि काढून घेतला. घरी पाहुणे यायचे होते. मदत करणाऱ्याला त्रास देता येत नाही, नाव सांगायचीही सक्ती नाही, 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यातच तसं आलंय. मला ते तेव्हाही माहीत होतं. कुठल्यातरी टोलच्या कॅमेऱ्यात मीही असेन, पुढे निघून जाताना.

असो. पोह्यांचं ऐक. ऑगस्टात यूपीआयचे व्यवहार पहिल्यांदाच एका महिन्यात 2000 कोटींवर गेले. त्यातला एक माझा, तीस रुपयांचा. आपल्या कोपऱ्यावरच्या पोहेवाल्याकडे पैसे टाकले, पण पैसे आल्याचं ओरडून सांगणारा डबा काही बोलेना. त्यानं तर्रीची पळी तशीच हवेत धरली. मी स्क्रीन दाखवली. ‘ते नाही चालत भाऊ, तसं दाखवून दोघं खाऊन गेले.’ बारा वर्षांची ओळख, आणि माझ्यापेक्षा त्याचा डब्यावर भरोसा! मिनिटभरानं डबा ओरडला, तेव्हा कुठे पळी खाली आली. वर चणे जास्तीचे टाकले, बहुतेक लाज वाटली असावी. माझीही भूक थोडी उतरलीच होती.

आणि आपली दिव्या देशमुख! 28 जुलैला जॉर्जियातल्या बाटुमीत कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकली आणि थेट ग्रँडमास्टर झाली. वय 19. त्या वयात तू मला एक हत्ती कमी घेऊन हरवायचास आणि मी पट उधळायचो.

काल रात्री ग्रहण पाहायला गच्चीवर गेलो. अकरा ते सव्वाबारा चंद्र तांबडा, पण समोरच्या मंगल कार्यालयाच्या झगमगाटात त्याची सगळी शोभा गेली. त्यावरून पेंच आठवलं. गेल्या वर्षी जानेवारीत पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क जाहीर केलं ना! आसपासच्या गावांतले दिवे बदलून उजेड खाली वळवला, म्हणजे वरचं आभाळ काळं राहतं. विकास म्हटलं की आपल्याकडे खांब वाढतात. इथं उजेड आवरला म्हणून कौतुक झालं, हे मला फार आवडलं.

दिवाळीला येशील तेव्हा एक रात्र पेंचजवळच्या सिल्लारीला काढू. वहिनी-पोरांनाही आण. रस्ता तोच, मनसरवरूनच. गाडी मी चालवीन, हळू.

तुझा,
सुध्या