टिश्यूकल्चर साग: बिलावर एवढे लिहाच

'टिश्यूकल्चरचं रोप म्हणजे आईची हुबेहूब नक्कल,' असे सांगून आम्हाला प्रयोगशाळेत झाडाच्या तुकड्यापासून वाढवलेली सागाची रोपे विकली. दिंडोरीच्या बांधावर साठ लावली. सहाव्या वर्षी बाकीची झाडे सरळसोट, पण पाच खुजी. पाने दुमडलेली, बुंध्यातूनच फांद्या. जमीन तीच, ठिबक तेच. कारण चाचणीशिवाय कळणार नाही, पण रोपांवर संशय येतोच.

कळीपासून (फांदीवरच्या कोंबापासून) वाढवलेली रोपे सहसा वाणाला धरून राहतात. पेशींचा गोळा करून, संप्रेरके देत त्याची पुन्हा पुन्हा विभागणी केली की जनुकीय फरक शिरू शकतात. १९८१ मध्ये शास्त्रज्ञांनी याला 'सोमाक्लोनल व्हेरिएशन' हे नाव दिले. तेलताडाच्या (पामतेल देणाऱ्या झाडाच्या) अशा बागांत फळेच विकृत आली, आणि तीही लागवडीनंतर काही वर्षांनी! डीएनएवरच्या मिथाइल खुणा (जनुके चालू-बंद ठेवणाऱ्या रासायनिक खुणा) पुसल्या गेल्याने हे घडते, हे २०१५ मध्ये उलगडले. केळीतला दोष वर्षभरात दिसतो. सागासाठी शेतकऱ्याने किती वर्षे थांबायचे?

केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची टिश्यूकल्चर रोपांसाठीची प्रमाणन योजना २००६ पासून आहे. रोपवाटिकांनी तिचा दाखला, मातृवृक्ष आणि रोप कळीचे की गोळ्याचे, हे बिलावर लिहून द्यावे. कृषी विभागाने ते सक्तीचे करावे.

– एक शेतकरी, दिंडोरी, जि. नाशिक