आमच्या अंगणवाडीच्या ताईंना, मनापासून

ताई, नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "राहू द्या हो" म्हणता आन् दुसराच विषय काढता, म्हणून इथं लिहून टाकतो, चार लोकांनी वाचलं पाहिजे असंही वाटते.

पोरगी आता जूनमध्ये पहिलीत जाईल. मराठी घडाघडा बोलते आन् घरी आजीसंग कोरकूत तेवढ्याच जोरात भांडते. हे दोन्ही तिच्यात टिकून आहे ते तुमच्यामुळं, हे मला जाहीर सांगायचं आहे.

मेळघाटाबाहेरचे कोणी वाचत असतील तर त्यांना एवढं सांगतो की कोरकू म्हणजे मराठीची बोली नाही. तिचं कूळच वेगळं आहे, मुंडा भाषांचं, तिकडं झारखंडात मुंडारी, संथाळी बोलतात त्या कुळातली ती. २०११ च्या जनगणनेत ७ लाखांच्या वर लोकांनी मातृभाषा कोरकू सांगितली, आपल्या धारणी-चिखलदऱ्यात आन् वर मध्य प्रदेशात बैतूल, खंडवा, बुरहानपूरकडं. धारणीच्या बाजारात जा तर हिंदी चालते. म्हणजे आमच्या पाड्यावरच्या तीन वर्षांच्या लेकराच्या कानावर मराठी जी पहिल्यांदा नीट पडते ती अंगणवाडीतच, आन् तिथून तीन वर्षांत त्याला शाळेची सगळी भाषा हीच होऊन बसते.

मी शाळेत गेलो तेव्हा मला हे कोणी दिलं नव्हतं. सर फळ्यावर लिहायचे, पोरं एका सुरात म्हणायची, मीही म्हणायचो, अर्थ काही कळायचा नाही. लघवीला जायचं तर विचारायचं कसं हे माहीत नव्हतं, मंग तसाच बसून राहायचो सुट्टी होईपर्यंत. कोरकूत बोललं की ओरडा बसायचा. माझ्यासंगचे किती पोरं त्याच वर्षी शाळेतून पळाले आन् परत गेलेच नाही, ते ढ होते असं सगळे म्हणायचे, मला ते आजही पटत नाही.

तुमच्याकडं काय होतं ते मी कामाला सुट्टी असली की दारात उभं राहून पाहिलं आहे. तुम्ही अ-आ-ई पासून सुरूच केलं नाही. हात धुवायच्या वेळी रोज तीच वाक्यं, त्याच क्रमानं, बाही वर करा, हात ओले करा, साबण लावा, आता झटका, आन् बोलताना तुम्ही स्वतः करून दाखवायच्या. पहिल्यांदा कोरकूत सांगून मंग मराठीत, पुढं पुढं नुसतं मराठीत, आन् पोरांना बदललं हे समजलंही नाही. मोहफुलं वेचायच्या दिवसांत टोपलीभर मोह आणून त्यावरच मोजणं, जास्त-कमी, ओलं-वाळलं. जे लेकराच्या हाताला रोज लागते त्याचं नाव त्याला लवकर येते, पुस्तकातलं सफरचंद आमच्या पाड्यावर कोणत्या झाडाला लागते सांगा.

आन् ती अस्वलाची गोष्ट! पहिले माझ्या आईला बोलावून तिच्याकडून कोरकूत सांगून घेतली. मंग दुसऱ्या दिवशी तुम्ही तीच मराठीत, तेच हातवारे करून. अस्वल आलं, मोह खाल्ला, पोट भरलं, झोपून गेलं, आन् "झोपून गेलं" म्हटलं की सगळी पोरं सतरंजीवर धाडकन आडवी. गोष्ट आधीच माहीत असल्यामुळं लेकराला फक्त नवे शब्द पकडायचे होते.

माझी पोरगी मात्र कित्येक महिने तुमच्याकडं तोंडच उघडत नव्हती. सांगितलेलं सगळं करायची, बोलायची काही नाही. मला टेन्शन आलं, तुम्ही म्हणाल्या, "पहिले कान भरू द्या दादा, मंग तोंड आपोआप उघडते, तिला उभं करून बोल-बोल करू नका." आता मला समजते की नवीन भाषेत शिरताना पुष्कळ लेकरं अशी गप्प राहतात, ऐकत असतात, साठवत असतात. तेव्हा तुम्ही सांगितलं नसतं तर कोणी सांगितलं असतं?

मंग एक दिवस उकडलेलं अंडं सोलता सोलता तिच्या हातातून सुटलं, मातीत गेलं, आन् ती म्हणाली, "बाई, माह्या अंडा पडली." तुम्ही हसल्या नाही, चुकलं म्हणाल्या नाही. "अगं, तुझं अंडं पडलं? चल, धुऊन घेऊ," एवढंच. तिला बरोबर वाक्य ऐकायलाही भेटलं आन् अंडंही. मी दारात होतो, माझ्या डोळ्यात पाणी आलं, खरं सांगतो.

घरी आम्हीही मराठीच सुरू करावी का हे मी विचारलं तेव्हा तुम्ही साफ नाही म्हणाल्या. घरी कोरकूच बोला, भरपूर बोला, गाणी म्हणा, तिला एका भाषेत मोजणं आलं तर दुसऱ्या भाषेत फक्त आकड्यांची नावं शिकायची राहतात, मोजणं परत शिकावं लागत नाही. हे माझ्या आईला सांगितलं तर तिचा चेहराच बदलला, आपल्या बोलण्याचा नातीला काही उपयोग आहे असं तिला पहिल्यांदा कोणी सांगितलं होतं. २०२० च्या शैक्षणिक धोरणात शक्य असेल तिथं निदान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवा असं लिहिलेलं आहे. ते कागदावर आहे, आमच्या पाड्यावर ते तुम्ही प्रत्यक्ष करता.

आन् हे सगळं वजनं घेणं, मोबाईलवर ॲपमध्ये माहिती भरणं, आहार वाटणं, गरोदर बायांच्या घरी जाणं हे सांभाळून, तेही मानधनावर, ज्याला पगार म्हणायचीही सोय नाही. माझ्या हातात असतं तर पहिल्या वर्गाच्या मास्तरांएवढा पगार तुम्हाला केला असता, कारण त्यांच्या वर्गात माझी पोरगी जे समजून घेईल त्याची सुरुवात तुम्ही करून दिली.

होळीला लोकं कामावरून गावी परततील तेव्हा नवीन लेकरं येतील तुमच्याकडं, त्यातली बरीच गप्प बसणारी. आई म्हणते, तिच्याकडं कोल्ह्याचीही एक गोष्ट आहे, लांब आहे जरा. तुम्ही फक्त दिवस सांगा, मी तिला घेऊन येतो.

तुमचा,
मोठ्या गटातल्या पोरीचा बाबा