दीड ओळीची शाखा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या करिअर पुरवणीतला वैद्यकीय पदव्युत्तर शाखांवरचा लेख वाचला. अस्थिरोग, रेडिओलॉजी, त्वचारोग यांना चांगली जागा. पीएसएमला, म्हणजे रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्राला, दीड ओळ.

माझ्या मुलीने एमडीला तीच शाखा घेतली. यादी लागली त्या दिवशी घरी फोन आले ते अभिनंदनाचे कमी, सांत्वनाचेच जास्त. "रँक कमी आली का हो?" मेहुण्यांनी तर "मग दवाखाना कशाचा टाकणार?" असंच विचारलं. रँक चांगली होती. तिच्या आईलाही तेव्हा पटलं नव्हतं, हे कबूल करतो.

मी ग्रामपंचायतीत २९ वर्षं पाणी सोडायचं काम केलं. टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, बादलीत कालवायची, चुना तळाला बसू द्यायचा आणि वरची निवळी तेवढी टाकीत ओतायची. तासाभराने नळाच्या पाण्यात ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या औषधाचे, थेंब टाकले की पाणी पिवळं दिसायला हवं; म्हणजे क्लोरीन आहे. पोतं उघडं राहिलं तर क्लोरीन उडून जातो, मग पावडर नावालाच. मुलगी हे शाळेत असल्यापासून बघत होती. ओटीची बाटली बहुतेकदा तिच्याच हातात असायची.

इंटर्नशिपला असताना एका गावात गॅस्ट्रोची लागण झाली. हिने वहीत गावाचा नकाशा काढला आणि आजारी माणसांच्या घरांवर फुल्या मारल्या. जवळजवळ सगळ्या फुल्या एकाच आळीत! त्या आळीच्या व्हॉल्व्हचा खड्डा गटाराच्या पाण्याने भरलेला होता. पाणी बंद केलं की फुटका पाइप बाहेरची घाण आत ओढतो, हे आम्हा पाणीवाल्यांना ठाऊक असतं. तिने ते पुस्तकातही वाचलेलं होतं. व्हॉल्व्ह बदलला, पाइप दुरुस्त झाला आणि आठवड्याभरात नवे रुग्ण यायचे थांबले. सत्कार झाला तो सलाईन लावणाऱ्या डॉक्टरांचा. त्यांनीही रात्री जागून काढल्या होत्या, त्याबद्दल तक्रार नाही. पण नकाशाची वही आमच्या घरीच पडून आहे.

२०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता भागात जीबीएसचे (गिलाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण वाढले, तेव्हाही घरोघर सर्वेक्षण आणि पाण्याचे नमुने हे करावंच लागलं. हीच ती दीड ओळीची शाखा.

मुलं विचारतात, नोकरी कुठे? वैद्यकीय महाविद्यालयात शिकवता येतं, महापालिकांच्या आणि सरकारी आरोग्य खात्यात, जागतिक आरोग्य संघटनेच्या कामांत जागा असतात. स्वतःच्या दवाखान्याइतका पैसा नाही, तेही छापा. लपवून काय उपयोग?

पुढच्या पुरवणीत निदान एक रकाना द्यावा. फोटो लागला तर माझ्याकडे आहे. मुलगी टाकीच्या शिडीवर बसलीय, चेहरा उन्हामुळे नीट आलेला नाही, पण हातातल्या नळीतलं पाणी पिवळं झालंय ते स्पष्ट दिसतं.

आपला,
एक निवृत्त पाणीपुरवठा कर्मचारी, जि. सातारा