गोळीची पितळी केस भारीच, पण आपल्या पोरांच्या रायफलीला त्याचा उपयोग नाही

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत नेमबाजीवरचा लेख आमच्या कट्ट्यावर सगळ्यांनी वाचला, चांगला होता, पण त्यात एक वाक्य असं होतं की मोठे नेमबाज परदेशी महागड्या पितळी केस, म्हणजे गोळीच्या रिकाम्या पुंगळ्या, घेऊन गोळ्या स्वतः भरतात म्हणून त्यांचा नेम पक्का बसतो. ते वाचून आमच्या गल्लीतले एक गृहस्थ, त्यांची पोरगी रायफल शूटिंग करते, माझ्याकडं आले आणि म्हणाले काका, भाऊ अमेरिकेत आहे, दिवाळीला येतोय, त्याला लापुआच्या शंभर केस आणायला सांगू का नॉर्माच्या? ह्या दोन्ही केस बनवणाऱ्या परदेशी कंपन्या. म्हणून हे पत्र.

मी उद्यमनगरात तीस वर्षं डाय-पंचची कामं केली, पितळेची ओढाई हातानं केलीय, त्यामुळं ह्यातलं थोडं कळतं. पहिली गोष्ट, आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ मारलं किंवा तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाली, ते दोन्ही ५० मीटर रायफलमध्ये, आणि तिथं पॉइंट टू टू ची (०.२२ इंचाची) गोळी असते. तिचा स्फोटक मसाला बुडाच्या कडेच्या घडीत भरलेला असतो, पिननं ती कडच चेपते, एकदा चेपली की संपलं. ती पुंगळी परत भरता येत नाही. तिथं मोठे खेळाडू गोळ्यांचा लॉट, म्हणजे एका खेपेत बनलेला माल, तपासतात, रायफल शिकंज्यात धरून एकेका लॉटच्या गोळ्या मारून बघतात आणि जो आपल्या बॅरलला जमतो तो घेतात. आणि नवीन पोरं तर १० मीटर एअर रायफलवर असतात, तिथं ४.५ मिलीमीटरचा शिशाचा छर्रा, केस हा प्रकारच नाही.

मग केस कुठं लागते? सेंटरफायरमध्ये, म्हणजे जिथं प्रायमर, पिनचा ठोका बसला की पेटणारी छोटी टोपी, बुडाच्या मधोमध वेगळा बसतो आणि काढून नवा घालता येतो. ३०० मीटरची रायफल त्यातली, जी ऑलिंपिकमधून १९७२ नंतर गेली. तिकडं मात्र केसला खरंच किंमत आहे. माझा भाचा अमेरिकेत असतो, पॉइंट ३०८ ची सेंटरफायर रायफल चालवतो, तिकडं लोक घरी गोळ्या भरतात, मी त्याच्याकडं दीड महिना होतो तेव्हा गॅरेजमध्ये बसून आम्ही दोन डब्यांतल्या पन्नास-पन्नास केस काट्यावर घातल्या. लापुआच्या डब्यात सगळ्यात जड आणि सगळ्यात हलकी ह्यांच्यात एक ग्रेनच्या (ग्रॅमच्या पंधराव्या भागाच्या) आसपास फरक, स्वस्तातल्या डब्यात पाच ग्रेनच्या वर. वजनात फरक म्हणजे आतल्या जागेत फरक, आणि जागेत फरक म्हणजे तेवढ्याच बारूदचा दाब प्रत्येक गोळीला वेगळा.

पितळ ह्यांचं सगळ्यांचं जवळपास एकच, ७० टक्के तांबं ३० टक्के जस्त. फरक पडतो ओढण्यात. चकती कापून वाटी, वाटी ओढून नळी, मध्ये मध्ये तापवून नरम करायचं नाहीतर फाटते, आणि शेवटी बूड कडक ठेवायचं पण मान, म्हणजे केसचं वरचं निमुळतं तोंड, मऊ, हे जमलं तर जमलं. लापुआच्या मानेवर निळसर तांबूस झाक असते, पाण्यावर रॉकेलचा थेंब पडल्यावर दिसते ना तशी, भाच्याला आधी तो डाग वाटला होता, ती मान तापवल्याची खूण आहे, बरेच कारखाने पॉलिश करून ती घालवतात.

तापवणं चुकलं तर काय होतं त्याची गोष्ट आपल्याच देशातली आहे. इंग्रजांच्या काळात पावसाळ्यात काडतुसं घोड्यांच्या तबेल्याजवळ ठेवायचे, आणि त्या काडतुसांच्या माना आपोआप चिरायच्या, कुणाला कळेना. घोड्याच्या मुतातला अमोनिया, ओल, आणि पितळेत ओढण्यामुळं राहिलेला ताण, तिन्ही मिळून चीर. हे नीट उलगडलं १९२१ ला, आणि उपाय काय तर हलकं तापवून ताण काढणं.

तिकडं राहून परवान्यानं हा छंद करणाऱ्यांनी विचारलं तर माझं मत असं, तीच केस दहा-दहा वेळा वापरायची असेल तर लापुआ, नॉर्मा, पीटरसन, अल्फा ह्यातली घ्या, दुप्पट पैसे जातात पण प्रायमरचा खड्डा लवकर ढिला पडत नाही आणि खरा कस तोच. एकाच लॉटच्या घ्या, मिसळू नका. आणि कितीही भारी कंपनी असली तरी तारेचा बारीक आकडा करून आतून बुडाजवळ फिरवून बघा, तार अडखळली की आत चर पडलाय, बाहेरून नुसती चकचकीत रेघ दिसते, ती केस तिथंच टाकायची. जुन्या डायमध्ये चीर आम्ही अशीच नखानं शोधायचो.

पण इथं आणायचं नाव काढू नका. १९५९ च्या आर्म्स ॲक्टमध्ये गोळीचे सुटे भागसुद्धा ॲम्युनिशनमध्येच मोडतात, आणि परवान्याशिवाय गोळ्या बनवणं गुन्हा आहे. विमानतळावर बॅगेत एक काडतूस सापडलं म्हणून अख्खं कुटुंब अडकून पडतं, आणि पोरीच्या करिअरवर तो शिक्का बसला तर कोण पुसणार?

त्या गृहस्थांना मी सगळं समजावलं, त्यांनी माझ्यासमोर भावाला फोन लावला आणि नको म्हणून सांगितलं. पण आपला पेपर गारगोटी-राधानगरीपर्यंत जातो, अजून किती जणांनी भावाला-मेहुण्याला सांगून ठेवलं असेल माहीत नाही. तेव्हा कृपा करून ती दुरुस्ती ठळक छापा, आणि दिवाळीच्या आधी छापा.

आपला,
उद्यमनगरातला एक जुना डाय-फिटर, कोल्हापूर