एकरकमी आकड्याआधी वर्षाचा खर्च मांडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बँकेतून निवृत्त झाले तरी गावातल्या बायका पासबुक घेऊन माझ्याकडे येतात. हल्ली काही जणी घटस्फोटाची बोलणी चालू असताना येतात. प्रश्न एकच असतो, ‘ते सहा लाख देतो म्हणतात, घेऊ का?’ वकिलाची फी किती, याची चौकशी झालेली असते. पुढच्या खर्चाचा कागद मात्र कुणी केलेला नसतो.

सहा लाख मुदत ठेवीत ठेवले आणि व्याज साडेसहा टक्के धरलं, तर महिन्याला हातात येतात सव्वातीन हजार. त्यात भाडं, सिलिंडर, औषधं, मुलाची शिकवणी बसेल का? मूल आज दुसरीत असेल तर कॉलेजची फी दहा वर्षांनी भरायची आहे, आणि ती आजच्या दराने नसणार. म्हणून बोलणी करण्याआधी वहीत खर्च लिहा, आणि तो महिन्याचा नको, वर्षाचा लिहा. आपल्याकडे शाळा, पावसाआधीची कौलं, गणपती हे खर्च एकामागोमाग येतात. कमाईचंही तसंच. नवऱ्याची आंब्याची बाग असेल तर त्याचा ऑगस्टमधला रिकामा खिसा बघून उत्पन्न ठरवू नये. सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली रजनेश विरुद्ध नेहा खटल्यात, पोटगीच्या दाव्यात दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज प्रतिज्ञापत्रावर सांगावं असा दंडक घातला. ते भरताना हीच वही उपयोगी पडते.

सोनं परत दिलं, म्हणजे पोटगीतले तेवढे फिटले, असं बैठकीत सर्रास बोललं जातं. मला हे अजिबात मान्य नाही. स्त्रीधन तिचंच आहे, त्याचा हिशेब वेगळा.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती विरार-नालासोपाऱ्याच्या फ्लॅटची. कर्ज दोघांच्या नावावर असतं. ‘हप्ते तो भरेल’ असं संमतीच्या अर्जात लिहिलं म्हणून बँक तिला सोडत नाही. हप्ते थकले की नोटीस तिलाही येते. कर्जातून नाव कमी झाल्याचं बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय सही करू नये, असं मी प्रत्येकीला सांगते. नवऱ्याच्या कंपनीचा मेडिक्लेम बंद होतो, त्याचाही नवा हप्ता वहीत धरावा.

काही खर्च वाचतातही. विधी सेवा प्राधिकरणाच्या 1987च्या कायद्याने बाईला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. घटस्फोट आणि पोटगीच्या दाव्यात महाराष्ट्रात 1994पासून महिलांना कोर्ट फी माफ आहे. हिंदू विवाह कायद्याखाली नवरा मुंबईत असला तरी ती राहते तिथल्या कोर्टात अर्ज करता येतो. पण काजू कारखान्यात रोजावर जाणारीचा तारखेच्या दिवशीचा रोज बुडतोच, तो कुणी भरून देत नाही.

मुलाकडच्यांनीही हा हिशेब घालावा. भावांच्या सामाईक बागेवर कर्ज काढून एकदम रक्कम देणारी आणि मग वर्षानुवर्षं फेडत बसणारी घरं मी बघितली आहेत.

तालुका विधी सेवा समितीच्या शिबिरांत कलमं नीट समजावतात. तिथेच तासभर बँकेतल्या माणसाला वही-पेन घेऊन बसवावं, एवढी विनंती आहे. आमच्या तालुक्यात मी विनामोबदला बसायला तयार आहे.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी, देवगड (जि. सिंधुदुर्ग)